सर्फॅक्टंट आणि प्रभारित कलिल कण: पुंजके कधी बांधले जातात, कधी सुटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या मुलांना भौतिक रसायनशास्त्र शिकवते. कलिलाचं प्रात्यक्षिक आम्ही काजळी नदीच्या पावसाळी पाण्यावर करतो, कारण ते फुकट मिळतं आणि मुलांच्या ओळखीचं असतं. दरवर्षी तेच प्रश्न येतात. मुलांचे येतात, त्यांच्या बागायतदार आईवडिलांचेही येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

गढूळ पाणी म्हणजेच कलिल का?

सगळं गढूळ पाणी नव्हे. आषाढात नदीचं पाणी बादलीत भरून ठेवा. वाळू लगेच तळाला जाते, जाडसर पोयटा तासाभरात बसतो. त्यानंतरही दोन-दोन दिवस जो तांबूस रंग हटत नाही, तो कलिलाचा. साधारण १ नॅनोमीटर ते १ मायक्रोमीटर आकाराचे कण पाण्यात पसरलेले असले की त्याला आपण कलिल म्हणतो. ही संज्ञा थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये रूढ केली. अंधाऱ्या खोलीत काचेच्या पेल्यातून लेसरचा किरण सोडला तर त्याची वाट उजळलेली दिसते. मिठाच्या पाण्यात ती दिसत नाही.

हे कण आपोआप खाली का बसत नाहीत? एकमेकांना चिकटत का नाहीत?

पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात, त्यामुळे एवढे बारीक कण वजनाने सहजासहजी खाली जात नाहीत. एकत्र येऊन जड झाले तरच बसतील. एकत्र येण्याची ओढ त्यांच्यात असतेच. कोणतेही दोन कण पुरेसे जवळ आले की व्हॅन डर वाल्स आकर्षण त्यांना ओढतं. आड येतो तो प्रभार.

जांभ्याच्या मातीत मुख्यतः केओलिनाइट ही चिकणमाती आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात. केओलिनाइटच्या चपट्या बाजूंवर ऋण प्रभार असतो. लोहाच्या ऑक्साइडवर, पाणी किंचित आम्लधर्मी असेल तर, धन प्रभार असायला हवा. पण नदीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली ह्युमिक द्रव्यं त्या कणांवर लेप धरतात आणि तेही ऋण होतात. म्हणून नदीच्या पाण्यातले जवळजवळ सगळे कण ऋण धरून चाला.

ऋण कणाभोवती धन आयनांचं विरळ वलय असतं. दोन कणांची वलयं एकमेकांत घुसू लागली की कण दूर ढकलले जातात. हे ढकलणं आणि ते आकर्षण यांचा हिशोब मांडणाऱ्या सिद्धांताला डी.एल.व्ही.ओ. म्हणतात. डेरयागिन आणि लांडाऊ यांनी तो १९४१ मध्ये मांडला, फेरवे आणि ओव्हरबेक यांनी स्वतंत्रपणे १९४८ मध्ये.

मग समुद्राला मिळताना नदीचा गाळ एकदम कसा बसतो?

मिठामुळे. गोड्या पाण्यात, आयनांची संहती लिटरला १ मिलिमोलच्या आसपास असेल तर, वलयाची जाडी सुमारे १० नॅनोमीटर असते. समुद्राच्या पाण्यात ती ०.४ नॅनोमीटरवर येते. एवढ्या पातळ वलयाने ढकलण्याआधीच आकर्षण कणांना पकडतं. शिवाय समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहेत. आयनाचा प्रभार जितका जास्त, तितका तो कमी प्रमाणात पुरतो, हा शुल्झे-हार्डी नियम. सैद्धांतिक गणित या ताकदीला प्रभाराच्या सहाव्या घातात बसवतं, म्हणजे सोडियमचं काम करायला कॅल्शियम सुमारे चौसष्टपट कमी पुरतो. भाट्याच्या पुलावरून भरती-ओहोटीला खाडीतला चिखल दिसतो, त्यातल्या बारीक मातीचा मोठा भाग असा बांधला गेलेला आहे.

तुरटीही याच कुळातली. तिच्यातून मिळणारे ॲल्युमिनियमचे धन प्रभारी घटक मातीचा ऋण प्रभार शमवतात आणि वर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका उरलेल्या कणांना गुंतवून खाली नेतो.

मीठ आणि तुरटी असताना सर्फॅक्टंट कशाला?

कारण मीठ कणाभोवतीचं वलय फक्त आवळतं. सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं पृष्ठसक्रिय द्रव्य, कणाच्या अंगावर जाऊन बसतो. त्याच्या रेणूला एक डोकं असतं, पाण्याची आवड असलेलं आणि बहुधा प्रभारित, आणि एक शेपटी असते, तेलासारखी, पाण्याला टाळणारी. कणावर बसताना डोकं आत आहे की शेपटी, यावरून पुढचं सगळं ठरतं. कणाचा प्रभार कमी करता येतो, शून्य करता येतो, उलटाही करता येतो. म्हणजे पुंजके बांधणं आणि सोडवणं, दोन्ही आपल्या हातात येतं. मीठ घालून बांधलेला पुंजका मोडायचा तर मीठ काढावं लागतं, आणि कण अगदी अंगाला अंग लावून चिकटले असतील तर ते काढूनही उपयोग होत नाही.

थोडा सर्फॅक्टंट घातला तर पाणी निवळलं, जास्त घातला तर परत गढूळ झालं. बाटली खराब आहे का?

नाही. माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि या विषयाचा गाभाही हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या वर्षी हे प्रात्यक्षिक घेतलं तेव्हा मी मुलांना सीटॅब, म्हणजे सेटिल ट्रायमिथिल अमोनियम ब्रोमाइड, दिलं होतं. त्याचं डोकं धन प्रभारी. लाल मातीच्या पाण्याच्या नळकांड्यांमध्ये वाढत्या मात्रा घातल्या. पहिल्या दोन नळकांड्यांत फारसं काही घडलं नाही. तिसऱ्यात अर्ध्या तासात वरचं पाणी स्वच्छ, तळाला कापसासारखा गाळ. शेवटच्या दोन पुन्हा तांबूस, आणि संध्याकाळपर्यंत तशाच. एका मुलीने वहीत ‘चुकलं’ असं लिहून ती दोन निरीक्षणं खोडली होती. मी तिला ती परत लिहायला लावली, कारण सगळ्या टेबलावर सर्वांत मोलाची तीच होती.

घडतं ते असं. सीटॅबची धन डोकी मातीच्या ऋण पृष्ठभागावर टेकतात, शेपट्या बाहेर पाण्यात राहतात. कणाचा प्रभार उतरत जातो. शून्याजवळ आला की ढकलणं संपतं. शिवाय पाण्याला नकोशा शेपट्या आता कणाच्या बाहेरच्या अंगाला आहेत, त्या लपवायला कण एकमेकांना बिलगतात. हा निवळण्याचा टप्पा. खनिजांच्या फेन-प्लवनात याच अवस्थेचा फायदा घेतात: शेपट्यांनी झाकलेला कण बुडबुड्याला चिकटून वर येतो.

मात्रा वाढवली की नवे रेणू आधीच्या शेपट्यांवर स्वतःच्या शेपट्या टेकवतात, डोकी बाहेर. दुहेरी थर तयार होतो. आता कणाचं बाहेरचं अंग धन आहे. सगळेच कण धन, म्हणून पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि पाणी पुन्हा गढूळ राहतं. मूळ ऋण कलिल आणि हे धन कलिल डोळ्यांना सारखंच दिसतं, म्हणून फसगत होते.

पृष्ठभागावर शेपट्यांचे असे गट जमतात ही कल्पना गॉडिन आणि फ्युअरस्टेनाउ यांनी १९५५ मध्ये मांडली. सोमसुंदरन आणि फ्युअरस्टेनाउ यांनी १९६६ मध्ये ॲल्युमिनावरच्या सल्फोनेटच्या अधिशोषणाचे, म्हणजे पृष्ठभागावर चिकटून बसण्याचे, टप्पे मोजून दाखवले. तिथे कण धन आणि सर्फॅक्टंट ऋण होता. चिन्हं उलटी, पण गोष्ट तीच.

नेमकी किती मात्रा? एखादा ठरावीक आकडा सांगा ना.

आकडा पाण्याच्या लिटरवर ठरत नाही, कणांच्या पृष्ठफळावर आणि प्रभारावर ठरतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न सुटतात.

१०० नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे गोल कण १ ग्रॅम घेतले तर त्यांचं एकूण पृष्ठफळ सुमारे २७ चौरस मीटर भरतं. चिमूटभर पूड, आणि अंग घरापुढच्या छोट्या खळ्याएवढं. एका सीटॅब रेणूला अर्धा चौरस नॅनोमीटर जागा धरली तर एक पूर्ण थर द्यायला ३३ मिलिग्रॅम लागेल, दुहेरीला त्याच्या दुप्पट. तेच कण १० नॅनोमीटरचे असतील तर सगळं दहापट.

मातीसाठी आणखी सोपी पकड म्हणजे आयन विनिमय क्षमता, म्हणजे माती किती धन आयन धरून ठेवू शकते ते. केओलिनाइटची ती १०० ग्रॅमला साधारण ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट (एकेरी प्रभाराच्या आयनासाठी तेवढेच मिलिमोल) असते, माँटमोरिलोनाइट या दुसऱ्या चिकणमातीची ८० ते १२०. आपल्या लाल मातीत पहिलं जास्त, देशावरच्या काळ्या मातीत दुसऱ्याच्या कुळातली खनिजं जास्त. क्षमता १० धरली तर १ ग्रॅम मातीला सुमारे ०.१ मिलिमोल, म्हणजे ३६ मिलिग्रॅम सीटॅब लागेल. १० मिलिमोलर द्रावणाचे १० मिलिलिटर. सोलापूरच्या मैत्रिणीने माझी कृती जशीच्या तशी वापरली आणि तिच्याकडे काहीच निवळलं नाही. तिच्या मातीची भूकच कितीतरी मोठी होती.

म्हणून आकडा गणिताने अंदाजायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मात्रा करून बघायच्या.

थेंब थेंब घालू की एकदम?

निवळायचं असेल तर हळूहळू, ढवळत, आणि शून्य बिंदूजवळ थांबून. प्रभार उलटवायचा पण गुठळ्या नकोत, असं असेल तर हळूहळू घालणं हीच चूक ठरते. कारण ऋणाकडून धनाकडे जाताना प्रत्येक कणाला शून्यावरून जावं लागतं आणि तुम्ही त्याला तिथे रेंगाळत ठेवता. तिथे बांधलेले पुंजके पुढे सर्फॅक्टंट वाढवूनही पूर्ण सुटत नाहीत. अशा वेळी क्रम उलटा करा: भांड्यात पुरेसा सर्फॅक्टंट आधी घ्या आणि कणांचं पाणी त्यात ओता. प्रत्येक कणाला पहिल्या क्षणापासून भरपूर सर्फॅक्टंट भेटतो आणि तो शून्य पटकन ओलांडतो.

साहित्य तेच, मात्रा तीच, फक्त ओतण्याचा क्रम वेगळा, आणि निकाल वेगळा. कृती लिहिताना क्रम लिहायला विसरू नका.

कणांचा आणि सर्फॅक्टंटचा प्रभार सारखाच असेल तर?

कणाच्या स्वभावावर अवलंबून आहे. दिव्याची काजळी किंवा पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे कण पाण्याला टाळणारे. त्यांवर ऋण सोडियम डोडेसिल सल्फेटची शेपटी बसते, डोकी बाहेर येतात, ऋण प्रभार वाढतो आणि कण जास्त सुटे राहतात. मळ कपड्यावरून निघून पाण्यात तरंगत राहतो यामागे हाही एक भाग आहे. पण सिलिकासारख्या पाण्याची आवड असलेल्या ऋण कणावर हा रेणू फारसा बसत नाही.

आणि तो अती घातला तर सुटे कणही बांधले जाऊ शकतात. दोन कारणं. एक, सर्फॅक्टंटबरोबर सोडियमही येतो, म्हणजे मीठ वाढतं. दुसरं जरा नवलाचं. सर्फॅक्टंटचे रेणू पुरेसे झाले की शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात. दोन कण इतके जवळ आले की मधल्या फटीत मायसेल मावत नाहीत, तर बाहेरचे मायसेल कणांना आतल्या बाजूला रेटतात. असाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ मध्ये पॉलिमरसाठी ही कल्पना मांडली. मायसेलनाही ती लागू पडते.

मायसेल कधी होतात?

शुद्ध पाण्यात २५ अंशांना सोडियम डोडेसिल सल्फेटचे लिटरला सुमारे ८ मिलिमोलला, सीटॅबचे ०.९ च्या आसपास. मीठ असेल तर त्याआधीच. वरचं निवळणं बहुधा या मर्यादेच्या पुष्कळ खाली होतं.

विहिरीचं पाणी मचूळ आहे. फवारणीचं औषध टाकीत फुटतं, नोझल तुंबतात. हेच कारण का?

बरेचदा हेच. आंब्यावरच्या भुरीसाठी वापरतात ते पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक घ्या. गंधक पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण सुटे राहावेत म्हणून पुडीतच विखुरणारं द्रव्य घातलेलं असतं, आणि ते अनेकदा ऋण प्रभारी असतं. खाडीकाठच्या विहिरीत उन्हाळ्याकडे मीठ चढतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम चढतात. वलयं आवळली जातात, विखुरणाऱ्या द्रव्याची ताकद कमी पडते आणि कण बांधले जातात. त्यात धन प्रभारी घटक असलेलं दुसरं औषध त्याच टाकीत मिसळलं तर ऋण आणि धन एकमेकांना धरून साका होतो. शॅम्पू बहुधा ऋण आणि कंडिशनर धन असतो, ते एकत्र ओतल्यावर जे होतं त्याच जातीचं. बोर्डो मिश्रणातला चुनाही असाच त्रास देतो. ते कशात मिसळायचं नाही हे लेबलवर आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत पाहा.

माझी कळकळीची विनंती एवढीच: टाकी भरण्याआधी काचेच्या बरणीत त्याच विहिरीचं एक लिटर पाणी घ्या, त्याच प्रमाणात, त्याच क्रमाने औषधं घाला, अर्धा तास ठेवा. तळाला चोथा, वर तवंग किंवा कडेला गुठळ्या दिसल्या तर ते मिश्रण पंपात घालू नका. पावसाचं साठवलेलं किंवा डोंगरउताराच्या झऱ्याचं पाणी मिळालं तर तेच वापरा. हातमोजे विसरू नका.

मिठाला न जुमानणारा सर्फॅक्टंट नसतो का?

असतो, अप्रभारी. त्याच्या डोक्याजागी पाण्यात पसरणारी लांब साखळी असते. ती कणाभोवती गादीसारखी राहते आणि दोन कणांना अंगाला अंग लावू देत नाही. यात प्रभाराचं काम नाही, म्हणून समुद्राचं पाणीही बऱ्यापैकी चालतं. याची मर्यादा उष्णतेत आहे. ट्रायटन एक्स-१०० चं १ टक्का द्रावण ६५ अंशांच्या जवळपास धुरकट होतं, साखळ्या पाण्याला सोडू लागतात आणि कण पुन्हा बिलगतात.

रिठ्याचा फेस चालेल का?

रिठ्यातली सॅपोनिनं हे खरे सर्फॅक्टंट आहेत, बहुतांशी अप्रभारी. मातीचा प्रभार उलटवण्याचं काम त्यांच्याकडून होणार नाही. मचूळ पाण्यात साबणाचा साका होतो तिथे रिठा मात्र फेस देतो, हे आमच्या आजीला माहीत होतं. त्याचं कारण वरच्या उत्तरात आहे.

सोलकढी ठेवली की फुटते, तेही हेच का?

शेजारची गोष्ट. नारळाच्या दुधात तेलाच्या थेंबांवर प्रथिनांचा लेप असतो. ही प्रथिनं सामू ४ च्या आसपास प्रभार गमावतात आणि कोकमाचं आम्ल त्यांना तिकडे नेतं. प्रभार गेला की थेंब जवळ येतात. इथे शून्यावर आणणारं आम्ल आहे, सर्फॅक्टंट नाही.

पुंजके घट्ट हवेत की सैल, हे ठरवता येतं का?

येतं, आणि हा भाग मला फार आवडतो. प्रभार पूर्ण शून्यावर असेल तर प्रत्येक धडकेला कण चिकटतात. पहिल्या स्पर्शालाच अडकल्यामुळे पुंजका फांद्याफांद्यांचा, पोकळ होतो. त्याची भग्नमिती, म्हणजे पुंजका किती दाट भरला आहे हे सांगणारा आकडा, सुमारे १.८. थोडा प्रभार राखला तर अनेक धडका वाया जातात, कणाला आत शिरून जागा शोधायला वेळ मिळतो आणि पुंजका दाट होतो, सुमारे २.१. सर्फॅक्टंटची मात्रा शून्य बिंदूच्या किंचित अलीकडे ठेवली की हे दुसरं साधतं. वेळ जास्त लागतो, पण गाळ कमी जागेत बसतो.

कणांची संख्याही पाहा. स्मोलुखोव्स्की यांच्या १९१६-१७ च्या गणितानुसार जलद गुठळण्यात संख्या अर्धी केली की लागणारा वेळ दुप्पट होतो. फार पातळ नमुना घेऊन ‘काहीच होत नाही’ म्हणू नका, वाट पाहा.

झीटा विभव मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

आमच्याकडेही नाही. झीटा विभव, म्हणजे कणाच्या प्रभाराचं व्होल्टमधलं माप, अधिक किंवा उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर कलिल टिकाऊ, असा ढोबळ संकेत आहे. पण कामापुरतं चिन्ह कळायला यू आकाराची नळी, दोन इलेक्ट्रोड आणि बॅटरी पुरते: रंगाची सीमा कोणत्या टोकाकडे सरकते ते पाहायचं. बाकी एकसारखी नळकांडी, गाळाची उंची दर दहा मिनिटांनी, आणि मागे छापील कागद धरून अक्षरं वाचता येतात का ते. सहा नळकांडी आणि एक प्रामाणिक वही एवढ्यावर वर सांगितलेलं बहुतेक सगळं दिसतं.

जानेवारीत सीटॅबच्या बाटलीत पांढऱ्या सुया दिसतात.

रात्री गारठा पडला की तसं होतं. सीटॅबचं क्राफ्ट तापमान २५ अंशांच्या आसपास आहे. त्याखाली स्फटिक सुटतात आणि द्रावणाची संहती लेबलवरच्या आकड्याएवढी राहत नाही. कोमट पाण्यात बाटली ठेवून, हलवून, पूर्ण विरघळल्यावरच वापरा.

अशा रीतीने पिण्याचं पाणी निवळवावं का?

नाही. प्यायच्या पाण्यात धन प्रभारी सर्फॅक्टंट कधीही घालू नये. तिथे तुरटी, निवळीची बी, शेवग्याच्या बियांची पूड हे मार्ग आहेत. शेवग्याच्या बीमधलं प्रथिन धन प्रभारी असतं आणि तेच ऋण मातीला बांधतं. पण निवळलेलं पाणी निर्जंतुक झालेलं नसतं. उकळणं किंवा क्लोरीन त्यानंतरही लागतं.

प्रयोगानंतर उरलेलं पाणी कुठे ओतायचं?

गटारात नाही, पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, तर मुळीच नाही. आमच्याकडचा पऱ्ह्या खाडीला मिळतो आणि सीटॅबसारखी द्रव्यं अगदी कमी प्रमाणातही माशांना, झिंग्यांना आणि शेवाळाला घातक आहेत. आम्ही उरलेल्या पाण्यात आणखी लाल माती घालतो. मोकळा सर्फॅक्टंट मातीवर बसतो, पाणी निवळतं. वरचं पाणी थोडं बाटलीत हलवून फेस येतो का पाहतो. फेस आला तर आणखी माती. तळाचा गाळ वाळवून, डब्यात बंद करून, रासायनिक कचऱ्याच्या गाडीत जातो.